टिलीच्या स्कीची धार

"रेसच्या उतारावर रोवलेल्या माझ्या दांड्यांमधून पाच वर्षं गेलेली कुठलीही पोर त्या माकडउड्या महिन्याभरात शिकेल," एगोन म्हणाला. "उलटं मात्र होणार नाही. त्यांच्यातला एक आणा आणि सोडा माझ्या उतारावर. दुसऱ्या वळणाला आईला हाक मारेल."

ऑक्टोबर महिना, हिर्शेन खाणावळ, कोपऱ्यातलं टेबल. तिथे रोजचेच सात-आठ जण बसतात आणि रोजचंच बोलतात. सगळे हसले. मला हसू आलं नाही. ज्या पोरीवरून विषय निघाला ती माझी भाची, आणि तिला एप्रिलमध्ये काढून टाकणारा हाच एगोन फुर्टशेलर, आमच्या खोऱ्याच्या स्की-रेस संघाचा प्रशिक्षक. काढलं ते कसं, तर ईमेलने. दोन ओळी. पाच वर्षं पोरगी पहाटे साडेपाचला उठून हिमनदीवर जायची. दोनदा गुडघा सुजवून घेतला, वाढदिवस बसमध्ये साजरे केले, आणि शेवटी हातात काय, तर दोन ओळी. खाली सहीसुद्धा नव्हती, नुसतं संघाचं चिन्ह.

म्हणून मी विचारलं, एवढी गुणी पोर होती तर ठेवली का नाहीस. एगोनने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला की कासियान, गुण कमी पडले, घड्याळ काही माझं ऐकत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे घड्याळाचं नाव घेतलं की वाद संपतो. माणसाला चूक म्हणता येतं, देवालाही म्हणता येतं, घड्याळाला नाही.

मी पुढे बोललो नाही. का नाही, तेही सांगतो. डोंगरावर नेणाऱ्या दोरावरच्या पाळण्याच्या, म्हणजे गोंडोलाच्या, खालच्या स्टेशनात तळघर आहे, तिथे मी स्कीला धार लावतो. एकतीस वर्षं झाली. संघाच्या सगळ्या स्की माझ्याकडे येतात आणि त्या पाठवणारा एगोन. पोटाच्या मालकाशी माणूस किती भांडणार? हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

भाचीचं नाव ओटिलिए. त्या नावाने तिची आई हाक मारते, तीही रागावली तरच. बाकी सगळ्यांना ती टिली. सोळा वर्षांची, आखूड मानेची, मांड्या अशा की दुकानातली पँट बसत नाही. ती शिकायची खेळाच्या शाळेत, आणि तिथला नियम साधा होता: संघ असेल तर जागा, संघ गेला की जागा गेली. दया म्हणून त्यांनी तिला फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली होती. तोवर दुसऱ्या कुठल्या तुकडीने घेतलं तर राहा, नाहीतर सामान उचला. माझी बहीण गेरलिंडे हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. तिने तिथल्या खोल्या आवरायला शिकाऊ मुलगी म्हणून टिलीसाठी शब्द टाकून ठेवला होता. काम वाईट नाही, मी कामाला नावं ठेवणारा नाही. पण जी पोर उतारावर मोठी झाली, तिने सोळाव्या वर्षी उतारावरून परत आलेल्यांच्या चादरी बदलायच्या आणि खिडकीतून तोच उतार बघायचा, हे मला सोसत नव्हतं. तिला तर मुळीच नाही. तिने आईला सांगून टाकलं होतं की चादरीच बदलायच्या तर समुद्राकाठी बदलीन, इथे नाही.

दार एकच उघडं होतं. फ्रीस्टाइलच्या तुकडीत मुलींची एक जागा रिकामी होती. निवड जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी.

फ्रीस्टाइल म्हणजे काय ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. लोखंडी रेलिंगवर उडी मारून चढायचं आणि आडवं घसरत जायचं. मग बर्फाचे मोठे उंचवटे, त्यांवरून हवेत जायचं, गिरक्या घ्यायच्या आणि जमलं तर पाठीमागे तोंड करून उतरायचं. घड्याळ नाही. पाच माणसं कागदावर गुण देतात. आमच्या खोऱ्यातल्या जुन्या लोकांना हे सगळं डोंबाऱ्याचा खेळ वाटतं. मलाही वाटायचं. ढगळ पँटी, कानात गाणी, आणि एका उडीनंतर अर्धा तास बसून गप्पा.

त्या तुकडीची प्रशिक्षक योरुन, नॉर्वेची. चाळिशीची बुटकी बाई, आमची जर्मन बोलते ती प्रत्येक शब्द आधी चावून बघितल्यासारखी. डोंगरावर आमच्याकडे अहो-जाहो नसतं, सगळे अरे-तुरे, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी टिलीला म्हणाली की तू रेसवाली, आणि रेसवाले मला फारसे आवडत नाहीत. टिलीने विचारलं का. योरुनने सांगितलं की तुम्हाला पाय असतात, डोळे असतात, हिंमत तर माझ्या पोरांपेक्षा जास्त असते. पण तुम्ही सगळे वाट बघत उभे असता, कुणीतरी येऊन वाट आखून देईल म्हणून. इथे कुणी आखून देत नाही.

टिलीने हे मला संध्याकाळी तळघरात सांगितलं. मी विचारलं, मग तू काय बोललीस. ती म्हणाली, "काय बोलणार मामा? मी म्हटलं, बरं, मग कुठून सुरू करू? तर ती हसली. म्हणाली, बघ, पुन्हा विचारतेस."

ऑक्टोबर ते जानेवारी मी त्या पोरीला बदलताना बघितलं. रेसने तिला काय दिलं आणि काय हिरावलं हे मला तेव्हा उघड दिसलं, टेबलावर बसून गप्पा मारणाऱ्यांना दिसलं नसतं. वेग तिला आपोआप कळायचा. बाकीची पोरं नवीन उंचवट्याकडे जाताना दोन-दोनदा अंदाज घ्यायची, कधी कमी वेगाने जाऊन मध्येच आपटायची, कधी जास्त वेगाने उताराच्या पलीकडे सपाट जागी पडायची. टिली वरून एकदा बघायची आणि निघायची. बरोबर उतरायची. खाली आल्यावर तिच्या मांड्या धक्का असा गिळायच्या की आवाजच येत नसे. त्यावर योरुनसुद्धा बोलली की हे शिकवायला मला चार वर्षं लागतात.

पण हवेत गेली की पोरगी लाकूड. हात पुढे, हनुवटी पुढे, नजर खाली, जणू अजून शेवटची रेषा शोधते आहे. पाठीमागे तोंड करून चालवायला सांगितलं तर पंधरा दिवस नुसती बुडावर पडत होती. पडायची ती पण रेसवाल्यांसारखी, जीव खाऊन अडवत, आणि म्हणून जास्त लागायचं. बाकीची पोरं मांजरासारखी पडायची आणि हसत उठायची. ती चौदा वर्षांची पोरं तिला आजीबाई म्हणत. "आजीबाई, काठी देऊ का?" टिली म्हणे, काठी आहे माझ्याकडे, दोन आहेत, एक तुझ्यासाठी ठेवते. आठवड्याभरात तीच पोरं वेगाचा अंदाज विचारायला तिच्या मागे लागली.

आता धारेचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कड असते. रेसच्या स्कीची कड म्हणजे सुरी. मी ती अठ्ठ्याऐंशी अंशांवर घासतो, कानस, मग दगड, मग त्याहून बारीक दगड. शेवटी अंगठ्याचं नख तिच्यावर आडवं ओढायचं. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार लागली. गोठलेल्या उतारावर तीच धार माणसाला धरून ठेवते. फ्रीस्टाइलवाले नेमकं उलट करतात. नव्या स्कीची कड कानशीने गोल करून टाकतात, पायाखाली तर पार बोथट. रेलिंगवर आडवं घसरताना धारदार कड लोखंडात रुतते, आणि रुतली की माणूस पुढे फेकला जातो. प्रत्येक पोर आपली कड आपण बोथट करतं, आपल्या पायांना हवी तेवढी. दहा वर्षांचं पोरही.

टिलीने जुन्या, दोन्ही टोकं वळलेल्या स्की मिळवल्या आणि कानस मागायला माझ्याकडे आली. मी दिली आणि पाठ फिरवली. मला ते बघवेना. एकतीस वर्षं ज्या कडेला मी लेकरासारखं जपलं ती कोणी खरवडून टाकतंय, तो आवाजसुद्धा सहन होईना. टिलीलाही जड जात होतं. मागच्या दाराशी, कोणी बघत नाही असं बघून तिने ते उरकलं, चोरी केल्यासारखं. त्यानंतर स्की माझ्याच तळघरात मांडणीवर असायच्या. तिने पुन्हा कधी कडेला हात लावला नाही.

रेसवाला स्कीला हात लावत नाही. हा आमच्याकडचा रिवाज आहे, आणि तो मोडणं म्हणजे अपमान. स्की तयार करतो धारवाला. सुरुवातीच्या जागी तोच ती रेसवाल्याच्या पायासमोर ठेवतो, बुटांचे तळवे पुसतो आणि बाजूला होतो. रेसवाल्याने कडेवरून बोट फिरवलं तर त्याचा अर्थ होतो की तुझ्यावर माझा विश्वास नाही. मी एका मोठ्या घरच्या पोराला यावरून सगळ्यांसमोर शिवी घातली होती. त्याने माफी मागितली. टिलीला मी स्वतः अकराव्या वर्षी हे शिकवलं. हात मागे ठेव, म्हटलं होतं, ते माझं काम.

निवडीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारपर्यंत गरम वारा सुटला होता. छपरांवरचा बर्फ धपाधप पडत होता. तीनला वारा पडला आणि आभाळ काचेसारखं झालं. मला कळलं की वितळलेला बर्फ रात्रीत गोठून उद्या सकाळी उतार म्हणजे आरसा असणार. मी संघाच्या स्की उरकल्या, चार वाजले होते, आणि मांडणीवर टिलीच्या स्की दिसल्या. सहज अंगठा फिरवला. लोणी लावायची सुरी बरी.

मला त्या आरशावर ती पोर त्या बोथट कडांवर दिसली. उंचवट्याकडे जाताना घसरतेय, तिरकी होतेय, हवेत तिरकीच जातेय. नुसती ही काळजी असती तर ठीक होतं, मी तिला फोन केला असता, विचारलं असतं. पण त्यात माझा तोरा पण होता, तो लपवून उपयोग नाही. मला वाटलं, ते ढगळ पँटीवाले काय समजतात धारेतलं. माझी भाची उद्या अशी धार घेऊन जाईल की सगळ्यांचे डोळे पांढरे होतील. टोकांना थोडी लावू, असं म्हणून सुरू केलं. हात थांबतात का? एकतीस वर्षांचे हात. टोकापासून शेपटीपर्यंत गेले, पायाखालूनसुद्धा; रेलिंग तेव्हा डोक्यातच नव्हतं. अठ्ठ्याऐंशी अंश. बारीक दगड. नख ओढलं, पांढरा भुगा. समाधानाने घरी गेलो.

सकाळी आठला टिली आली. चेहरा पिठासारखा. मी स्की उभ्या धरल्या, पुढे केल्या. तिने घेतल्या. न बघता. मी धारेबद्दल काही बोललो नाही, कारण धारवाला बोलत नाही. आणि तिने विचारलं नाही, कारण रेसवाली विचारत नाही. आम्ही दोघं किती शिस्तीचे.

वर सहा मुली होत्या, एक जागा. प्रत्येकीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरणार. रेलिंगवर साचलेला बर्फ फोडण्यात पहिला तास गेला म्हणून सराव रद्द झाला. खाली कठड्याशी तीसेक माणसं होती. एगोनही आला होता, आपल्या जुन्या पोरीचं कौतुक बघायला, हातात कॉफी.

दुसरा नंबर टिलीचा. ती निघाली. पहिल्या दोन वळणांना मला दिसलं की कड कशी धरतेय, आधीची मुलगी घसरत गेली होती आणि ही रुळावरून निघाल्यासारखी. तिने नंतर मला सांगितलं की पहिल्या वळणाला तिला बरं वाटलं होतं. इतकं बरं की घरी आल्यासारखं. फ्रीस्टाइलची कुठलीही पोर त्या क्षणी दचकली असती आणि थांबली असती. हिला आनंद झाला.

मग रेलिंग. उडी छान, चढली, आडवी झाली, आणि टक् असा आवाज आला. कड लोखंडात रुतली. स्की जागेवर राहिल्या आणि पोरगी पुढे गेली. मांडी रेलिंगवर आपटली, मग खांदा, मग ती खालच्या बर्फावर तोंडावर.

मी धावलो. बर्फात धावता येत नाही, तरी धावलो. पोहोचेपर्यंत बचाव पथकाचा माणूस तिच्याजवळ होता. हाड मोडलं नव्हतं. डोकं ठीक होतं, त्याने बोटं मोजायला लावली, तारीख विचारली. टिली उठून बसली होती, एक स्की मांडीवर घेऊन. हातमोजा काढलेला. तिने अंगठा कडेवरून फिरवला. हे मी पाच वर्षांत पहिल्यांदा बघत होतो. अंगठ्यातून रक्त आलं. तिने ते बघितलं आणि मग मला बघितलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

योरुन येऊन उभी राहिली. तिने ती दुसरी स्की उचलली, कडेवर बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं.

"हे कोणी केलं?"

"मी," टिली म्हणाली.

हा पण रिवाजच. रेसवाला धारवाल्याचं नाव घेत नाही. हरला तर बर्फ वाईट होता, वारा होता, मी चुकलो, पण स्की वाईट होती असं चारचौघांत कधी म्हणायचं नाही.

योरुनने मान हलवली, हळूच, दुःखाने. म्हणाली की चार महिने रेलिंगवर चढून ज्या मुलीला आपल्या कडेचं एवढंही कळत नाही तिला मी पुन्हा वर पाठवणार नाही. तिची मान मोडेल आणि मी तिच्या आईला काय सांगू. दुसरी फेरी नको. तिने खिशातून यादी काढली आणि पेनाचं टोपण दातांनी उघडलं.

एगोन माझ्या मागे येऊन उभा होता. त्याला कळलं होतं. एकतीस वर्षं तो माझी धार ओळखतो. त्याने माझ्या कोपराला धरलं आणि पुटपुटला, "गप्प बस कासियान. पोर सांभाळून घेतेय तुला. तुझं नाव जाईल, मग संघाच्या स्की मी कोणत्या तोंडाने पाठवू?"

त्याच्या दृष्टीने तो माझ्या भल्याचंच बोलत होता. तेच तर वाईट आहे. आमच्याकडे सगळे एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसतात, आणि शेवटी दोन ओळी कुणाला जातात? सगळ्यात लहान असेल त्याला.

मी म्हणालो, मोठ्याने, कठड्यापर्यंत ऐकू जाईल असं, की तिने नाही, मी केलं. काल दुपारी चार वाजता. तिला न विचारता, तिला न सांगता. खोऱ्यातला सगळ्यात जुना धारवाला आहे मी आणि मला हे कळलं नाही.

टिली म्हणाली, "मामा, गप ना." डोळ्यांत पाणी होतं, पण दुखण्याचं नव्हतं.

योरुनने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल. ती टिलीकडे वळली. "म्हणजे तू बघितलंच नाहीस. कोणीतरी हातात दिलं आणि पायात घातलंस."

"हो."

"हे तर आणखी वाईट आहे."

"माहीत आहे," टिली म्हणाली.

वरून तिसरी मुलगी आली आणि पहिल्या उंचवट्याच्या आधीच तिची स्की घसरली, ती तिरकी होऊन थांबली, उडीच झाली नाही. योरुनने ते बघितलं. मग आपल्या जाकिटातून वीतभर कानस काढली आणि टिलीच्या पुढे धरली. मी सवयीने हात पुढे केला. तिने कानस माझ्या हाताच्या वरून नेली आणि पोरीच्या हातात ठेवली.

"सहाव्या मुलीची फेरी संपेपर्यंत. कुठे किती काढायचं ते मी सांगणार नाही."

बर्फात शिकंजा कुठून आणणार. मी बसलो, गुडघ्यांमध्ये स्की आवळून धरली, कड वर. तो दिवसभरातला माझा एकमेव उपयोग. टिली माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि तिने कानस लावली. पायाखालच्या भागापासून सुरुवात केली, तिरकी, जोर देऊन. कालची माझी धार कर्रकर्र करत माझ्या मांडीवर पडत होती. दोन वितींचा भाग तिने पार बोथट केला. मग टोकाकडे गेली आणि थांबली. वर उताराकडे बघितलं, तो आरसा तसाच होता. टोकाच्या वळणाला थोडी कानस फिरवली, शेपटीला थोडी, आणि पाऊल नि टोकं यांच्या मधला भाग तसाच धारदार ठेवला. माझ्या तोंडात शब्द आला होता की तिथून अजून एक हात फिरव. मी ओठ चावले. ते बरोबर होतं की चूक हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि ती मला विचारतही नव्हती. शेवटी तिने बोट फिरवलं, दोन्ही स्की, दोन्ही बाजू, सगळी लांबी. घाई होती तरी सगळी लांबी.

लंगडत वर गेली.

दुसरी फेरी काही चमत्कार नव्हती. रेलिंगवर ती चढली तेव्हा माझे डोळे मिटले होते, म्हणून मी ते बघितलं नाही. ऐकलं फक्त. लांब, सपाट, घासल्याचा आवाज आणि मग बर्फावर उतरल्याचा. डोळे उघडले तेव्हा ती पहिल्या उंचवट्याकडे निघाली होती, सरळ, एक केस इकडे-तिकडे नाही, जिथे सहापैकी चौघी घसरल्या होत्या. हवेत गेली. हात अजून थोडे पुढेच. पण हनुवटी वर होती, आणि ती फिरली, पूर्ण दीड गिरकी, आणि पाठीमागे तोंड करून उतरली, न डगमगता. दुसऱ्या उंचवट्यावर साधीच उडी घेतली, कारण मांडी दुखत होती आणि तिला ते कळत होतं. स्कीची टोकं हाताने पकडली, सोडली, उतरली. बस. खाली येऊन थांबली आणि फलकाकडे बघितलं. घड्याळ शोधत होती बिचारी. मग आठवलं असावं, नजर खाली केली.

एगोन माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला की बघितलंस, शेवटी रेसचेच पाय. त्या आरशावर दुसरं कोण उभं राहिलं?

मी म्हटलं, "पाय तू दिलेस, एगोन, नाही म्हणत नाही. आणि न बघता स्की घेऊन निघाली, ती सवयही तूच लावलीस. मी पण लावली. आज आपण दोघांनी मिळून तिला मारली असती."

त्याची कॉफी संपली होती तरी पेला तोंडाला लावला. पुढच्या हंगामात संघाच्या अर्ध्या स्की तो दुसऱ्या गावाला पाठवू लागला. अर्ध्या अजून येतात. माणूस वाईट नाही, फक्त घड्याळासारखा आहे.

निर्णय अकरा वाजता झाला. पाच माणसांच्या कागदांवर टिली दुसरी होती. पहिली आलेली मुलगी आधीच दुसऱ्या प्रांताच्या तुकडीला होकार देऊन आली होती, तिला इथे फक्त आपली किंमत बघायची होती. तिने जागा नाकारली. म्हणजे टिलीला ती जागा कोणीतरी सोडली म्हणून मिळाली, आणि तीही ईस्टरपर्यंत, चाचणी म्हणून. योरुनने तिला बाजूला घेऊन सांगितलं की तू अजून फ्रीस्टाइलची नाहीस. रेस तुझ्या फायद्याची की तोट्याची हे मला ईस्टरला कळेल, तुला त्याच्या आधी कळायला हवं.

टिलीने आईला फोन लावला. गेरलिंडे स्वयंपाकघरातून बोलत होती, मागे भांडी आपटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, मांडीला बर्फ लावलास का. मग म्हणाली, ओटिलिए, हॉटेलवाल्यांना मी ईस्टरपर्यंत थांबायला सांगते, नाही म्हणून नाही सांगत. पोरगी म्हणाली, सांग.

मला तिच्याशी बोलायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. खाली येताना गोंडोलात आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. माफी मागायला हवी होती. सगळ्यांसमोर बोललो होतो, पण ती कबुली होती, माफी नव्हती. माफी तिची होती आणि ती मी मागितली नाही. ही पण आमच्या पुरुषांची एक खोड.

रविवारी चर्च सुटल्यावर मी तळघर उघडलं. रविवारी तिथे कोणी येत नाही, म्हणून मी जातो. दहा मिनिटांनी टिली आली. लंगडत, आईच्या जुन्या पँटमध्ये, मांडीच्या सुजेमुळे दुसरी चढत नव्हती. स्की खांद्यावर. मी उठलो आणि स्की घ्यायला पुढे झालो, मग थांबलो. तिने त्या स्वतः शिकंज्यात लावल्या. उलट्या लावल्या, पण लावल्या.

"मामा, शिकव," ती म्हणाली. "सगळं. पहिल्यापासून. धार लावायची कशी ते आधी, मग मी ती घालवीन."

एकतीस वर्षांत किती पोरं त्या तळघरातून गेली. दोघं तर ऑलिंपिकला जाऊन आले. हे मला एकानेही विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारू दिलंही नव्हतं.

मी म्हटलं, कालचं. तुला न विचारता हात लावला, चुकलो. ती म्हणाली, हो, चुकलास. मग तिने भिंतीवरच्या कानशींकडे बघितलं, बारा कानशी टांगलेल्या आहेत, आणि विचारलं यातली कुठली.

मी सांगितलं नाही. म्हटलं, एकेक काढून हातात घेऊन बघ. तिसरी तिने परत ठेवली, पाचवी जास्त वेळ धरली. मी स्टुलावर बसलो, हात मांड्यांखाली दाबून.